दख्खनच्या नद्यांच्या मार्गदर्शिका आणि माशांची नावे

महाराष्ट्रातील नद्यांविषयीचे लेखन इतिहासाच्या अभ्यासकाकडे सामान्यतः दोन वाटांनी येते. एक वाट माहात्म्यांची. गोदावरी, कृष्णा, भीमा यांच्या काठची तीर्थे, स्नानाचे पर्वकाळ, दानाची फळे आणि पूर्वी घडलेल्या कथा तीत सांगितलेल्या असतात. दुसरी वाट सरकारी दप्तरांची. तीत पाणी घनफुटांत आणि जमीन एकरांत मोजलेली असते. या दोहोंच्या मध्ये एक तिसरा वर्ग आहे आणि त्याकडे अभ्यासकांचे लक्ष फारसे गेलेले नाही. कोणत्या नदीवर कोणत्या महिन्यात जावे, तंबू कोठे ठोकावा, कोणत्या डोहात कोणता मासा असतो, तो कशाला भुलतो, आणि मासे लागले नाहीत तर जवळ पाहण्यासारखा किल्ला वा देऊळ कोणते, असल्या प्रश्नांची उत्तरे देण्यासाठी एकोणिसाव्या व विसाव्या शतकांत इंग्रजीत लिहिली गेलेली ही पुस्तके होत. ती गोऱ्या अधिकाऱ्यांच्या सुट्टीसाठी होती, म्हणून गंभीर अभ्यासाच्या कक्षेबाहेर राहिली. वस्तुतः नदी आणि तिच्यावर जगणारे लोक यांच्याविषयी त्यांत जेवढा तपशील साठलेला आहे, तेवढा महसुली अहवालांतही क्वचितच आढळतो.

हा तपशील मुळात आला कोठून, हा प्रश्न मात्र सहसा विचारला जात नाही. डोहाची खोली मार्गदर्शिकेच्या कर्त्याने स्वतः मोजलेली नव्हती. मासा कोणत्या नक्षत्रावर चढतो हे त्याला अनुभवाने ठाऊक होण्याइतकी वर्षे तो एका जिल्ह्यात राहतही नसे. बदलीचा हुकूम येई आणि तो जाई. माहिती नदीकाठच्या भोई व कोळी यांची होती. ती त्यांच्या तोंडून पुस्तकात कशी शिरली, शिरताना तिचे काय झाले, आणि त्या फेरफाराची किंमत पुढे कोणी मोजली, हे पाहण्यास माशांची नावे हा चांगला धागा आहे.

या धाग्याचे पहिले टोक कर्नल विल्यम हेन्री साइक्स (१७९०–१८७२) यांच्या हाती आहे. मुंबई सैन्यातील हा अधिकारी १८२४ पासून १८३१ पर्यंत दख्खनच्या सांख्यिकीय पाहणीवर होता. पेशवाई जाऊन सहा वर्षे झाली होती आणि नव्या राज्यकर्त्यांना आपल्या पदरी काय पडले आहे याची मोजदाद करावयाची होती. जमीन, पिके, लोकसंख्या, पर्जन्य यांबरोबरच साइक्स यांनी पक्षी, प्राणी आणि मासे यांचीही नोंद केली. दख्खनच्या माशांवरील त्यांचा निबंध लंडनच्या प्राणिशास्त्रीय संस्थेपुढे १८३८ मध्ये आला. त्याचा गोषवारा १८३९ मध्ये व सचित्र पूर्ण पाठ १८४१ मध्ये छापला गेला. तीत चाळीसवर जातींची वर्णने आहेत आणि त्यांपैकी बहुतेक शास्त्राला तोवर अपरिचित होत्या.

हा निबंध मार्गदर्शिका म्हणून लिहिलेला नाही. तथापि पुढील सर्व मार्गदर्शिकांचा पाया तोच होय. प्रत्येक मासा कोठे मिळाला ते त्यात सांगितले आहे. पुण्याजवळील मुळा-मुठा, शिरूरजवळील घोड, भीमेवरील पेडगाव ही नावे इंग्रजी वळणाच्या लेखनात ओळखू येणार नाहीत इतकी बदलली असली, तरी ठिकाणे निश्चित आहेत. पेडगाव हे भीमेच्या काठचे जुने ठाणे. तेथील बहादूरगड मोगल छावणीमुळे आणि संभाजी महाराजांना कैद करून तेथे आणल्याच्या घटनेमुळे मराठ्यांच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. मत्स्यशास्त्राच्या ग्रंथांत तेच गाव अनेक जातींचे मूळ स्थळ म्हणून नमूद आहे. इतिहासाचा विद्यार्थी आणि मत्स्यशास्त्राचा विद्यार्थी एकाच घाटावर उभे असतात आणि बहुधा दोघांनाही दुसऱ्याची वार्ता नसते.

यापेक्षा महत्त्वाची गोष्ट नावांची आहे. नव्या जातींना लॅटिन नाव देताना साइक्स यांनी पुष्कळ ठिकाणी मराठी नावच उचलले. शिंगटी, कोळस, मळ्या, घोगरा, खुद्री, मुसुल्ला ही नावे त्यांनी मराठ्यांच्या तोंडची म्हणून दिली आणि तीच शास्त्रीय द्विनामाचा दुसरा घटक झाली. रोहटी हा शब्द तर एका संपूर्ण प्रजातीचे नाव होऊन बसला. भीमाकाठच्या भोयाचा शब्द अशा रीतीने लंडनच्या नियतकालिकात गेला आणि तेथून जगभरच्या संग्रहालयांच्या चिठ्ठ्यांवर चढला. भाषेच्या इतिहासात ही लहान घटना नव्हे. मोल्सवर्थच्या कोशाची पहिली आवृत्ती १८३१ ची आहे. त्याच दशकात नदीकाठचे हे शब्द दुसऱ्याच एका दप्तरात नोंदले जात होते आणि त्या दप्तराचे नियम असे की, एकदा शिरलेला शब्द सहसा बाहेर काढता येत नाही.

परंतु त्याच निबंधात दुसऱ्या प्रकारचीही नावे आहेत. यॅरेल, ओगिल्बी, ओवेन, चिल्ड्रेन या इंग्लंडातील विद्वानांच्या स्मरणार्थ काही मासे वाहिले गेले. त्यांपैकी कोणी भीमेचे पाणी पाहिलेले नव्हते. मासा पकडून आणणाऱ्याचे, त्याचे नाव सांगणाऱ्याचे व त्याची वेळ-काळ ओळखणाऱ्याचे नाव मात्र एकाही जातीला मिळाले नाही. त्याचा शब्द घेतला गेला आणि तो स्वतः बाहेर राहिला. साइक्स यांना यासाठी दोष देणे अनाठायी ठरेल. त्या काळच्या शास्त्राची ती सर्वसाधारण रीत होती, आणि स्थानिक शब्द टिकवण्याच्या बाबतीत ते आपल्या अनेक समकालीनांपेक्षा अधिक उदार होते. एक उणीव मात्र पुढे फार महाग पडली. त्यांनी वर्णिलेल्या माशांचे मूळ नमुने कोणत्याही संग्रहालयात जपले गेल्याचे आढळत नाही. मागे राहिली ती वर्णने, काही चित्रे आणि मराठी नावे.

साइक्स यांच्या निबंधानंतर साधारण एका पिढीने खरी मार्गदर्शिका अवतरली. हेन्री सलिव्हन टॉमस हे मद्रास मुलकी सेवेतील अधिकारी दक्षिण कानडा जिल्ह्यात होते. त्या जिल्ह्यातील मत्स्यसंवर्धनावरचा त्यांचा अहवाल १८७० मध्ये निघाला आणि १८७३ मध्ये ‘द रॉड इन इंडिया’ हा त्यांचा ग्रंथ मंगळूर येथे छापला गेला. १८८१ व १८९७ मध्ये त्याच्या सुधारलेल्या आवृत्त्या निघाल्या, यावरून त्याची मागणी किती होती हे दिसते. तळ्यांतील गळाच्या मासेमारीवर त्यांनी १८८७ मध्ये वेगळे पुस्तकही लिहिले. गळ, दोरी, आमिष, पाण्याचा रंग, पावसानंतर नदी निवळण्यास लागणारे दिवस या सर्वांचे विवेचन त्यांनी अशा उत्साहाने केले आहे की, ज्याने जन्मात गळ हाती धरला नाही त्यालाही ते वाचवते. विलायतेतील सामन माशाशी महासीराची तुलना करून खेळाच्या दृष्टीने महासीर श्रेष्ठ, असा त्यांनी दिलेला निकाल पुढच्या प्रत्येक लेखकाने आळवला.

येथे ‘महासीर’ या शब्दाकडे थांबून पाहिले पाहिजे. हा शब्द उत्तरेकडचा आहे. हिमालयाच्या पायथ्याच्या नद्यांत गळ टाकणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्यांनी तो रूढ केला आणि मार्गदर्शिकांच्या द्वारे तो दक्षिणेत आला. वास्तविक ज्या मोठ्या खवल्यांच्या माशांना तो लावला गेला ते एका जातीचे नव्हते. मुळा-मुठेचा खुद्री वेगळा, कावेरीचा उंच वशिंडाचा मासा वेगळा, गंगेच्या वरच्या अंगाचा आणखी वेगळा. परंतु सुट्टीवर निघालेल्या वाचकाला जातिभेदाशी कर्तव्य नव्हते. त्याला जोराने ओढणारा, वजनाने मोठा आणि मित्रांना सांगता येईल असा मासा हवा होता. तेव्हा खुद्री, मुसुल्ला वा कानडी मुलखातील नावे कंसात गेली आणि सर्वांवर महासीर हे एकच झाकण बसले. साइक्स यांनी शब्द ठेवून सांगणारा वगळला होता. टॉमस यांच्या परंपरेत शब्दही मागे पडला.

तरी या ग्रंथाचे ऐतिहासिक मोल कमी होत नाही, आणि ते लेखकाला अभिप्रेत नसलेल्या ठिकाणी अधिक आहे. टॉमस यांना देशी मासेमारीच्या पद्धतींचा मनस्वी संताप होता. बारीक छिद्रांची जाळी, ओहोळाच्या तोंडाशी बांधलेले आडवे बांध, बांबूचे सापळे, आटलेल्या डोहात विषारी झाडपाला टाकून मासे गुंगवणे या सर्वांनी नद्या ओस पडत आहेत, असे त्यांचे म्हणणे होते. तक्रार करण्यासाठी माणूस तपशील गोळा करतो. या तक्रारींतूनच दक्षिणेतील नदीकाठच्या मासेमारीचे जे चित्र उभे राहते ते अन्यत्र दुर्मीळ आहे. महाराष्ट्रात रामेठ्याची साल आणि गेळाची फळे या कामी वापरली जात. उन्हाळ्यात नदीची धार तुटून डोह सुटे पडले की हा उद्योग चाले, आणि बहुधा तो गावाचा सामुदायिक उद्योग असे. पावसाळी अन्नटंचाईच्या तोंडावर सुकवून ठेवावयाच्या माशांचा तो हंगाम होता. हौशी गळवाल्याला त्यात नासधूस दिसली. भुकेचा हिशेब त्याच्या वहीत नव्हता.

तथापि टॉमस यांची बाजू सर्वस्वी स्वार्थाची होती असे म्हणणेही अन्यायाचे होईल. मासा हे गरिबाचे अन्न आहे आणि त्याचे रक्षण करणे हे सरकारचे कर्तव्य आहे, हा मुद्दा त्यांनी ग्रंथाच्या शीर्षकातच गोवला आहे. खेळाच्या सूचनांबरोबर माशांची जोपासना व त्यांचे मूल्य हे विषयही तेथे नमूद आहेत. मद्रास सैन्यातील शल्यवैद्य फ्रान्सिस डे यांचा हिंदुस्थान व ब्रह्मदेशातील गोड्या पाण्याच्या मत्स्यव्यवसायावरील अहवालही १८७३ चाच आहे. डे यांनी पुढे १८७५ ते १८७८ या काळात हिंदुस्थानातील माशांवरचा आपला महाग्रंथ प्रसिद्ध केला. या दोघांच्या प्रतिपादनातून जी चर्चा सुरू झाली तिची परिणती १८९७ च्या चौथ्या कायद्यात झाली. पाण्यात स्फोटक द्रव्य किंवा विष टाकून मासे मारणे हा त्याने गुन्हा ठरवला आणि दोन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोनशे रुपयांपर्यंत दंड अशी शिक्षा सांगितली. जाळ्याच्या छिद्रांचे माप, बांध आणि बंदीचा काळ यांविषयी नियम करण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांना मिळाला.

या कायद्यात सुरुंगाची दारू आणि रामेठ्याची साल एका ओळीत येऊन बसली, हे लक्षात घेण्यासारखे आहे. सुरुंग हा रेल्वे, रस्ते आणि धरणे यांच्या कामांबरोबर आलेला नवा प्रकार होता. झाडपाल्याचा उपयोग पिढ्यान्‌पिढ्यांचा होता, आणि त्याला जागा, ऋतू व गावकी यांचे निर्बंध होते. मार्गदर्शिकांच्या भाषेत या दोन्हींना एकच शब्द होता व तो कायद्याने उचलला. विष कोणतेही असो, मासे मारतेच, असे यावर म्हणता येईल. आणि नदीच्या दृष्टीने तो आक्षेप खराही आहे. परंतु इतिहासकाराला दोन कृतींमधील फरक पुसून चालत नाही.

निर्बंधांचा विषय निघाला आहे तर कोणत्याही मार्गदर्शिकेविना चाललेल्या एका व्यवस्थेचा उल्लेख येथेच करणे योग्य होईल. महाड तालुक्यात काळ नदीवर वाळण येथे जो कोंड आहे, तो वरदायिनी देवीचा मानला जातो. त्यातील महासीर वर्गातील मासे कोणी मारीत नाही. येणारे लोक त्यांना चुरमुरे व लाह्या टाकतात. वाडा तालुक्यात वैतरणेवर तिळसे येथे शंकराच्या देवळापाशी असाच डोह आहे, आणि इंद्रायणीच्या देहूतील डोहाचे मासेही वारकऱ्यांच्या दृष्टीने पवित्र आहेत. तुकोबांच्या गाथेची कथा ज्या पाण्याशी जोडलेली आहे तेथे जाळे टाकण्याची कल्पनाही भाविकाला सहन होणार नाही. या डोहांची मर्यादा कोणी नकाशावर आखलेली नाही, तरी पहिला दगड कोणता आणि शेवटचा कोणता हे गावातील पोराला ठाऊक असते. नदीचा मोठा पट्टा मासेमारीला मोकळा आणि खोल पाण्याचा एक तुकडा वर्ज्य, अशी ही रचना आहे. उन्हाळ्यात प्रजननक्षम मोठे मासे ज्या खोल पाण्यात आश्रय घेतात नेमके तेच पाणी देवाचे ठरले, यात योगायोग किती आणि अनुभव किती, हे सांगणे कठीण आहे. मत्स्यसंवर्धनाच्या अलीकडच्या अभ्यासकांनी या डोहांना अभयारण्यांचा मान दिला, तो मात्र योगायोग नव्हे.

‘बॉम्बे गॅझेटियर’ हे या पुस्तकांचे भावंड होय. जेम्स कॅम्बेल यांच्या संपादनाखाली १८७७ पासून निघू लागलेल्या या खंडांना कोणी मार्गदर्शिका म्हणणार नाही, पण जिल्ह्यात फिरतीवर निघालेल्या अधिकाऱ्याच्या सामानात ते असत आणि त्यांचा उपयोग तसाच होई. रत्नागिरीचा खंड १८८० चा, कुलाबा १८८३ चा, पुण्याचे तीन भाग १८८५ चे. कोकणच्या खंडांत खाड्यांची वर्णने विशेष सरस आहेत. भरतीला किती मोठे गलबत कोठवर जाते, कोणत्या वळणावर वाळूचा दांडा आहे, सावित्रीतून महाडपर्यंत आणि वाशिष्ठीतून चिपळूणपर्यंत माल कसा चढतो, हे सर्व त्यांत आहे. आगबोटी, मोटाररस्ते आणि पुढे लोहमार्ग यांनी ही जलवाहतूक मोडीत काढल्यावर तिचे वर्णन पुराव्याच्या कोटीत गेले. देशावरील खंडांत नद्यांचे पात्र आणि मासे यांच्या याद्या येतात, आणि मासेमारी करणारे म्हणून भोई व कोळी यांचा उल्लेख जातींच्या प्रकरणात स्वतंत्रपणे येतो. ज्ञान एका प्रकरणात आणि ज्ञाते दुसऱ्या, अशी ही मांडणी आहे. एकाच ग्रंथात शंभर पानांच्या अंतरावर असलेल्या या दोघांची गाठ घालून देण्याचे काम पुढच्या अभ्यासकावर पडले.

भोयांची स्थिती या काळात पालटत होती. पालख्या वाहणे, पुराच्या पाण्यातून भोपळ्यांच्या सांगडीवर माणसे उतरवणे आणि मासे धरणे हे त्यांचे परस्परपूरक धंदे होते. रस्ते व पूल झाले तसे पहिले दोन आखडले आणि उरलेल्यावर भार वाढला. ज्या वर्षांत मार्गदर्शिका नद्या रिकाम्या होत चालल्याची तक्रार करीत होत्या, त्याच वर्षांत हा बदल घडत होता. या दोन गोष्टींचा संबंध टॉमस यांच्या परंपरेने जोडला नाही.

विसाव्या शतकातील पुस्तके संख्येने पुष्कळ असली तरी त्यांच्याविषयी थोडक्यात सांगता येते. स्कीन धू या टोपणनावाने लिहिणाऱ्या लेखकाची महासीरावरील पुस्तके १९०६ व १९२३ ची आहेत. मॅक्डोनल्ड यांचा ‘सर्कमव्हेंटिंग द महासीर’ हा ग्रंथ बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९४८ मध्ये, म्हणजे ज्यांच्यासाठी हा वाङ्मयप्रकार जन्मला ते लोक बोटीवर चढून गेल्यानंतर, प्रसिद्ध केला. त्याच संस्थेच्या नियतकालिकात डॉ. सुंदरलाल होरा यांची खेळाच्या माशांवरील लेखमाला चालली, आणि तेथे हौशी गळवाल्यांचे अनुभव व शास्त्रज्ञाचे वर्गीकरण प्रथमच शेजारी बसले. याच अवधीत नद्याही बदलत होत्या. १८७९ मध्ये खडकवासल्याचे धरण झाले होते. मुळेच्या खोऱ्यातील गावे सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखालील १९२१ ते १९२४ च्या सत्याग्रहानंतरही बुडाली आणि १९२७ पर्यंत मुळशीचा तलाव उभा राहिला. गळवाल्याच्या दृष्टीने तलाव म्हणजे नवे पाणी. ज्यांची भातखाचरे त्याखाली गेली त्यांच्या दृष्टीने ते काय होते, हे सांगण्यास मुळशीच्या लढ्याचा इतिहास आहे.

होरा यांच्या लेखमालेत एक लहानशी चूक शिरली. तिचा मागोवा घेणे अगत्याचे आहे, कारण नावांच्या या सर्व कथेचा परिणाम तेथे उघडा पडतो. साइक्स यांनी शिरूरजवळील घोड नदीतून वर्णिलेला मुसुल्ला म्हणजे वशिंडाचा महासीर, असे होरा यांनी १९४३ च्या सुमारास ठरवले. मूळ नमुना नव्हता. चित्र आणि वर्णन यांवरून अनुमान करावे लागले. होरा यांचा अधिकार मोठा असल्याने ते सर्वमान्य झाले आणि कावेरीतील जगप्रसिद्ध प्रचंड माशाला ‘टॉर मुसुल्ला’ असे म्हटले जाऊ लागले. याच माशाकडे टॉमस यांनी १८७३ मध्ये वाचकांचे लक्ष वेधले होते, आणि १९४६ मध्ये कबिनी नदीत १२० पौंडांचा मासा गळाला लागल्याची नोंद प्रसिद्ध आहे. अशा रीतीने घोड नदीच्या एका माशाचे मराठी नाव चारशे मैलांवरच्या कानडी नदीतील निराळ्याच माशाच्या डोक्यावर बसले. कावेरीच्या माशाला स्वतःचे शास्त्रीय नाव नाही, ही गोष्ट त्यामुळे कोणाच्या ध्यानात आली नाही.

दरम्यान खुद्रीचे दैव फळफळले. डॉ. चं. वि. कुलकर्णी यांनी दख्खनी महासीराच्या, म्हणजे साइक्स यांच्या खुद्रीच्या, अंड्यांचा व पिलांच्या वाढीचा अभ्यास करून तो १९७० च्या सुमारास प्रसिद्ध केला, आणि लोणावळ्यास वळवण तलावाकाठी टाटा वीज कंपनीच्या केंद्रात त्याची कृत्रिम पैदास यशस्वी झाली. महाराष्ट्रातील मत्स्यविज्ञानाच्या दृष्टीने ही अभिमानाची घटना होती आणि आजही आहे. तेथील पिले दूरदूरच्या जलाशयांत व नद्यांत सोडण्यात आली. कावेरीही त्यांत होती. हेतू उत्तम होता. महासीर कमी होत आहे, तेव्हा महासीर सोडावा. परंतु ‘महासीर’ या शब्दाने जे झाकले होते ते तसेच झाकलेले राहिले. कमी होत होता तो वशिंडाचा मासा, आणि नदीत सोडला गेला तो मुळा-मुठेचा खुद्री.

याचा उलगडा व्हावयास एकविसावे शतक उजाडावे लागले, आणि तो मार्गदर्शिकांच्याच वंशातील एका साधनाने झाला. कावेरीकाठच्या एका मासेमारी छावणीत, पकडलेला मासा मोजून परत पाण्यात सोडण्याची प्रथा होती आणि त्याची नोंदवही ठेवली जाई. १९९८ ते २०१२ या काळातील या नोंदींचे विश्लेषण २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. वशिंडाचा मासा झपाट्याने घटत गेला असून त्याची जागा निळ्या परांच्या खुद्रीने घेतली, असे त्यातून दिसून आले. तत्पूर्वी २०१३ मध्ये साइक्स यांचा मुसुल्ला महासीर नव्हेच, तो ‘हिप्सेलोबार्बस’ या निराळ्या प्रजातीतील मासा आहे, असे दाखवण्यात आले होते. त्यामुळे कावेरीच्या माशाजवळ उसने नावही उरले नाही. शेवटी २०१८ मध्ये अभ्यासकांनी तो ‘टॉर रेमादेवी’ होय असे सिद्ध केले. हे नाव २०११ मध्ये केरळातील पांबार या कावेरीच्याच खोऱ्यातील नदीच्या माशाला दिले गेले होते. त्याच सुमारास त्याची गणना अतिसंकटग्रस्त जातींत झाली, आणि खुद्री मात्र संकटग्रस्तांच्या यादीतून बाहेर पडला. टॉमस यांच्या पुस्तकापासून या नावापर्यंत एकशे पंचेचाळीस वर्षे लोटली. जगातील गळवाल्यांनी ज्याची छायाचित्रे भिंतींवर लावली तो मासा हा सर्व काळ निनावी होता.

या प्रकरणात दोष कोणाचा, याची चर्चा निष्फळ आहे. धरणे, वाळूउपसा, सुरुंग आणि शहरांचे सांडपाणी यांचा वाटा खुद्रीच्या आगमनापेक्षा कमी नसावा, आणि कावेरीच्या अभ्यासकांनीही एकाच कारणावर बोट ठेवलेले नाही. परंतु नोंदवह्यांच्या त्या विश्लेषणाने या वाङ्मयाच्या मूल्यमापनात एक नवी बाजू पुढे आणली आहे. खेळासाठी लिहिलेली वही, तीत तारीख, ठिकाण आणि वजन प्रामाणिकपणे नोंदलेले असेल, तर तिच्या कर्त्याने कल्पिलेल्या नसलेल्या प्रश्नांची उत्तरे देते. महाराष्ट्रातही अशा वह्या असण्याचा संभव आहे. पवई तलाव १८९१ च्या सुमारास बांधला गेला आणि पिण्याच्या उपयोगातून वगळला गेल्यावर तेथे गळवाल्यांच्या संस्थांचा दीर्घकाळ वावर राहिला. जुन्या जिमखान्यांच्या व विश्रामगृहांच्या दप्तरांत शिकारीच्या नोंदींबरोबर माशांच्याही नोंदी असत. त्यांचा शोध घेणे हे इतिहास आणि प्राणिशास्त्र या दोन्ही विभागांनी मिळून करण्याजोगे काम आहे.

दुसरे काम अधिक निकडीचे आहे, कारण त्याचे साधन कागदावर नाही. १९८० मध्ये उजनी धरण पूर्ण झाल्यावर भीमेच्या मोठ्या पट्ट्याचे नदीपण संपले आणि तलावात वाढवलेल्या बाहेरच्या माशांवर तेथील मासेमारीचे अर्थकारण उभे राहिले. जुन्या माशांची नावे ज्यांना माशासकट ओळखता येतात असे भोई आता वृद्ध आहेत. साइक्स यांच्या यादीतील मराठी शब्द त्यांच्यापुढे ठेवून कोणता शब्द कोणत्या माशाचा, कोणत्या गावापर्यंत तो चालतो, त्याच माशाचे लहानपणीचे नाव वेगळे आहे काय, हे विचारून लिहून ठेवले पाहिजे. घोड नदीच्या मुसुल्ल्याविषयी शिरूरच्या भोयाला १९४३ मध्ये कोणी विचारले असते, तर त्याने कदाचित मासाच काढून दाखवला असता.